आरतीच्या ठेक्यावर

वहिनी, परवा मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. फोटोला झेंडूचा हार घातला होता. तो इतका जाड होता की तुमचं कपाळ आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं. पहिल्या वक्त्यांनी तुम्हाला कर्मयोगिनी म्हटलं. दुसऱ्यांना तुमचं नाव आठवेना, म्हणून त्यांनी 'मातृशक्ती' या शब्दावर वेळ मारून नेली. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि शेजारची खुर्ची सवयीनं रिकामी सोडली होती, कारण अशा प्रत्येक सभेत तुम्ही तिथं बसून माझ्या कानात बोलत आलात. माईक खरखरला तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू आलाच: "बाप्पा, आता तरी चहा आणा म्हणावं जी, माणसं वाळून राहिली."

मला हसू आलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. शोकसभेत हसणाऱ्या दिराचं काय करायचं हे त्यांना सुचेना.

सभेत सगळे तुमच्या सेवेबद्दल बोलले, पण ती आली कुठून ते कुणी बोललं नाही. इथं भिलाईत, कोहक्याच्या चौकात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर जी पाटी होती, 'रोगी सेवा सहायक प्रशिक्षण', तिथून ती आली. तुम्ही माझ्या स्कूटरवर मागे बसला होतात आणि अचानक माझ्या पाठीत बोट खुपसलंत.

"भाऊजी, थांबा. चला."

"कुठं?"

"शिकाले."

मी म्हटलं, वहिनी, आपलं वय काय? तुम्ही म्हणालात, "तुमी रिटायर होऊन करून काय राहिले? पुस्तकं वाचून राहिले. पुस्तकं काय पळून जाणार हायेत?"

वर गेलो. मला वाटलं होतं वयाची अट आपल्याला वाचवेल. पण बॅच भरत नव्हती, आणि न भरलेल्या बॅचपुढे कुठलीच अट टिकत नाही. केंद्राच्या व्यवस्थापकांनी आपल्या दोघांसाठी 'सीनियर श्रेणी' नावाची एक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत निर्माण केली. मी पोलादाच्या कारखान्याच्या कचेरीत आयुष्य काढलेला माणूस. मुख्य माल कोणता आणि भट्टीतून सोबत निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, कोणता, हे मला दुरून कळतं. तिथं मुख्य माल म्हणजे प्रमाणपत्र होतं. शिक्षण निघालंच तर ते सोबत निघणार होतं. हे मी तुम्हाला जिन्यातच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "स्लॅगचेबी रस्ते बनतात ना?" कारखान्यातल्या माणसाच्या बायकोशी वाद घालण्याचा हा तोटा, उपमा उलटून अंगावर येतात.

वर्गात खुर्सीपारच्या आणि दुर्गच्या बारावी झालेल्या मुली होत्या आणि आपण दोघं. त्या तुम्हाला आंटी म्हणायच्या आणि मला काहीच म्हणायच्या नाहीत. शिकवायला साहू सर. तिशीतला, शांत, दुर्गचा माणूस. चादर बदलणं, ताप मोजणं, रुग्णाला कुशीवर वळवणं इथवर सगळं ठीक चाललं. मग बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवण्याचा धडा आला. त्यासाठी एक डमी मागवली होती. ती आली होती. कोपऱ्यात लांबट खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. पण उघडता येत नव्हती.

"उद्घाटन नहीं हुआ है," साहू सर म्हणाले. बिचारे स्वतःच लाजले होते. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

तुम्ही खोक्याकडे पाहून माझ्या कानात म्हणालात, "तंवर त्या आतल्या माणसाचा जीव जाईल, भाऊजी."

मग तुम्ही घरीच सुरुवात केलीत. जुनी कापसाची गादी घट्ट गुंडाळली, लुगड्याच्या पट्टीनं बांधली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलात. आमची ही कुंपणापलीकडून विचारायची, "वहिनी, गादीनं काय केलं तुमचं?" हात सरळ ठेवणं तुम्हाला पहिल्या दिवशीच जमलं. वेग जमेना. साहू सरांनी मोबाइलवर टकटक वाजणारं काहीतरी लावून दिलं होतं. ते तुम्ही थोडा वेळ ऐकलंत आणि बंद केलंत. "हा तं नळ टपकून राहिला. उठून बंद करावा वाटते."

आणि मग एका संध्याकाळी तुम्हाला सापडलं. आपण मंडळात आरतीला टाळ्या वाजवतो, तोच हा ठेका. मी विश्वास ठेवला नाही. घड्याळ घेऊन बसलो. तुम्ही आरती म्हणत गादी दाबत होतात आणि मी काटा पाहत होतो. वेग बरोबर निघाला. मला थोडं वाईटच वाटलं.

अडचण एकच होती आणि ती फक्त आपल्यालाच येऊ शकली असती. आपल्या मंडळाची आरती सुरुवातीला निवांत चालते आणि शेवटच्या कडव्याला मोदकांचा वास आला की धावत सुटते. वर्गात उशीवर दाबून दाखवताना तुम्ही तेच केलंत. साहू सरांनी हात जोडले.

"आंटीजी! शुरू में मालगाड़ी, आख़िर में मेल?"

"सर, सामने प्रसाद रहता है ना," तुम्ही म्हणालात.

वर्ग हसून लोळला. पण तुम्ही घरी येऊन शेवटचं कडवं काढून टाकलंत आणि मधलंच पुन्हापुन्हा म्हणायला लागलात. ज्या बाईनं माझ्या लग्नात मंगलाष्टकातली एक ओळ गाळली म्हणून भटजींना थांबवलं होतं, तिनं देवाच्या आरतीला कात्री लावली, आणि देवानंही काही म्हटलं नाही.

अखेर पाहुण्यांची तारीख मिळाली. तो दिवस आठवला की मी अजून एकटा हसतो. खोकं उघडलं. आत कमरेपर्यंतचा एक रबरी माणूस निघाला, डोळे मिटलेला, तोंड उघडं. त्याला टेबलावर ठेवून हार घातला, कपाळाला टिळा लावला, पुढे नारळ फोडला. प्रमुख पाहुणे आले, त्यांनी दीप लावला, डमीपुढे हात जोडले आणि कार्यकर्त्यानं पुढे केलेली शाल न पाहताच तिच्या खांद्यावर घातली. शाल पुढच्या खुर्चीवरच्या, केंद्राच्या प्राचार्यांसाठी होती. टाळ्या वाजल्या, तेव्हा ती परत कशी घ्यायची हे कुणाला कळेना. मी आयुष्यात बरेच सत्कारमूर्ती पाहिले, पण भाषण न करणारा हा पहिला. मग पाहुणे देशाच्या धडधडत्या तरुण हृदयाबद्दल बोलले, आणि ते हृदय ज्याच्यावर शिकायचं तो शालीखाली घामेजून पडला होता.

पाहुणे गेले, समोसे संपले. डमीपाशी कुणी जाईना. एक मुलगी म्हणाली, "आंटी, पूजा हो गई है. अब इस पर हाथ कैसे रखें?"

"ये भगवान थोड़ी है," तुम्ही म्हणालात. "बेहोश आदमी है. बेहोश आदमी को हार पहनाते हैं क्या?" तुम्ही हार काढलात, इकडेतिकडे पाहिलंत आणि माझ्या गळ्यात घातलात. "घ्या, तुमी भरा आता ही जागा." शाल घडी करून प्राचार्यांना दिलीत. पदरानं टिळा पुसलात. डमी जमिनीवर घेतलीत आणि गुडघ्यांवर बसलात.

त्या डमीत एक सोय होती. छाती पुरेशी खोल दाबली की आत टक्क वाजायचं. पहिल्यांदा काही वाजलं नाही. तुम्ही अंगातलं सगळं वजन हातांवर आणलंत. टक्क.

"हाँ! यही!" साहू सर ओरडले.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही थांबला नाहीत. टक्क, टक्क, मधलं कडवं, पुन्हा मधलं कडवं. मी हार घालून उभा होतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो आनंद त्या खोलीत फक्त मला कळत होता.

कारण सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली ती सकाळ मलाही पाठ होती. दादा रात्रपाळीहून आले, खुर्चीत बसले, आणि घसरले. शेजारीपाजारी सगळे धावून आले, आणि प्रत्येकानं आपल्याला येत होतं ते केलं. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल हुंगवली. तुम्हाला कुणीतरी तळपाय चोळायला सांगितलं आणि तुम्ही ते चोळत राहिलात, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. तोवर दादा गेले होते. त्यानंतर कित्येक वर्षं तुम्ही त्याबद्दल एकच वाक्य बोललात, तेही पोळ्या लाटता लाटता. "मी पाय चोळून राहिली होती, भाऊजी. पाय."

त्या दिवशी डमी परत खोक्यात गेल्यावर तुम्ही साहू सरांना विचारलंत, "सर, उस टाइम किसी को ये आता होता तो?" कुणाबद्दल ते सांगितलं नाहीत. ते समजले असावेत. त्यांनी दिलासा दिला नाही, व्याख्यानही दिलं नाही. म्हणाले, "आंटीजी, पता नहीं. करते, तो पता चलता."

स्कूटर चौक ओलांडून पुढे आली. मग मागून म्हणालात, "हे बरं उत्तर हाये."

परीक्षेचं मी सांगायला नको, तुम्हीच ती सगळ्या कोहक्याला सांगितलीत. तरी माझी बाजू सांगतो. बाहेरून आलेले परीक्षक पेन घेऊन उभे होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बस, हो गया." तुम्ही दाबतच राहिलात. "हो गया, माताजी." तुम्ही दोन श्वासांच्या मध्ये म्हणालात, "रुकिए साहब. आरती अधूरी नहीं छोड़ते." ते साहू सरांकडे पाहायला लागले, साहू सर छताकडे. कडवं पूर्ण झालं तेव्हा तुम्ही हात उचललात. परीक्षकांनी लिहिलं काय ते ठाऊक नाही, पण तुम्ही पास झालात. मीही पास झालो, पण माझ्याबद्दल कुणी गोष्ट सांगत नाही.

आपला वाद मात्र तिथून सुरू झाला, आणि तो अजून संपलेला नाही. मी वाचलेलं होतं. तुमच्या शब्दांत, मी वाचूनच राहिलो होतो. मी म्हणायचो, वहिनी, दवाखान्याबाहेर कोसळलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नाही, कितीही दाबलं तरी. लोकांना खोटी आशा देऊ नये. तुम्ही अंगणात मटार सोलत होतात. मान वर न करता विचारलंत, "आरती केली म्हणून गणपती दरवेळी पावते काय जी?"

"नाही. माझा आरतीला आक्षेप आहे तो तोच."

"मंग तुमी कायले येता?"

"प्रसादाला."

"तेच तं!" तुम्ही म्हणालात, जणू मीच तुमच्या बाजूनं साक्ष दिली होती. त्यातलं 'तेच' म्हणजे नेमकं काय हे मी तुम्हाला विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही, म्हणून स्वतःच शोधतो आहे.

मग खुर्सीपारचा बाजार. आपण भाजीला गेलो होतो. पिशव्या माझ्याकडे, भाव करणं तुमच्याकडे. नेहमीच्या भाजीवालीच्या, फुलेश्वरीच्या दुकानी तुम्ही फुलकोबी उलटीपालटी करत होतात, आणि तिचा नवरा पोतं उचलता उचलता आडवा झाला. क्षणभर सगळे नुसते पाहत राहिले. मग सगळे एकदम बोलायला लागले. पाणी आलं, कांदा आला.

"प्याज़ चटनी में डालो! हटो सब!" मी तुमचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "भाऊजी, गाडीले फोन करा!"

मी अँब्युलन्सला फोन लावला. तुम्ही त्याला हलवून पाहिलंत, हाक मारलीत, आणि त्या चिखलात, कोबीच्या पाल्यावर गुडघे टेकलेत. आणि मोठ्यांदा आरती सुरू केलीत.

आता भिलाईचा बाजार तो. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, बिहारी, सगळे. त्यांनी काय पाहिलं असेल? एक म्हातारी बाई जमिनीवर बसून आरती म्हणते आहे. एकानं पटकन चपला काढल्या. दोघातिघांनी हात जोडले. आणि मग कुणीतरी टाळी धरली. मी ओरडून थांबवणार होतो की ही पूजा नाही, अरे, हे उपचार आहेत! पण पाहतो तर टाळी अगदी ठेक्यावर होती, आणि तुमचे हात त्या टाळीवर चालले होते. तुमचा श्वास संपला, आरती थांबली, तरी टाळी चालू राहिली, आणि टाळीवर तुमचे हात. सगळा बाजार तुमच्या मदतीला उभा होता आणि बाजाराला ते माहीत नव्हतं. गाडी आली तोवर हे असंच चाललं.

तो माणूस वाचला नाही.

मला वाटलं तुम्ही आता मोडाल. परत सेक्टर दोनची ती सकाळ. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तुम्ही घरी येऊन हातपाय धुतलेत, साडी भिजत घातलीत, आणि हिला विचारलंत, "भात हाये काय ठेवलेला? भूक लागली मले." आणि पोटभर जेवलात.  मला त्या जेवणाचा अर्थ लागत नव्हता.

तो लागला काही आठवड्यांनी, फुलेश्वरी तुमच्या दारात आली तेव्हा. कपाळ मोकळं, हातात फुलकोबी, त्या दिवशी तुम्ही उलटीपालटी करत होतात तसलीच. ओट्यावर बसली आणि तिच्या छत्तीसगढी बोलीत म्हणाली, "सब झन खड़े रिहिन दाई. तैंहा भर बइठे." सगळे उभे होते, आई, बसलात त्या एकट्या तुम्ही. ती पुढे बोलली की घरचे म्हणतात नशीब, शेजारी म्हणतात दारू, पण मला रात्री झोप लागते. जे करता येण्यासारखं होतं ते झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

 तुम्हाला जी झोप इतकी वर्षं मिळाली नव्हती ती या बाईला मिळाली होती, आणि तुमच्या हातून मिळाली होती. तुम्ही रडाल असं मला वाटलं, आणि तुम्ही म्हणालात, "कोबी कायले आणली वं? बैस, चहा ठेवते."

जाताना ती उंबऱ्यात थांबली. "मोला घलो सिखा दे." मलाही शिकवा.

अशी ती रविवारची शाळा सुरू झाली. आधी फुलेश्वरी एकटी, मग तिच्या शेजारणी, मग मंडळातल्या बायका, मग कारखान्याच्या गेटपाशी डबे पोचवणारी ती तेलुगू बाई. मंडळाच्या हॉलमध्ये ओळीनं गुंडाळलेल्या गाद्या. मराठी आरती सगळ्यांना येत नव्हती, म्हणून प्रत्येकीनं आपापल्या देवाचं आणलं. तुम्ही एकेकीचा ठेका तपासायला मला घड्याळ घेऊन बसवत होतात. एकाच वेळी चार देवांची स्तुती आणि खाली गाद्यांचा धबधब. अध्यक्षांनी सतरंजी खराब होते म्हणून तक्रार केली, तेव्हा तुम्ही त्यांनाच गादीपुढे बसवलंत. त्यांचा दम कडव्याआधी संपला आणि तक्रारही. परवा तुम्हाला कर्मयोगिनी म्हणाले ते हेच.

तुम्ही स्वतः मात्र कुणालाच संधी दिली नाहीत. दुपारचं जेवण, वर वाटीभर ताक, आणि झोप. चार वाजता ही चहाला हाक मारायला गेली आणि मला बोलावत परत आली. वहिनी, हात लावताच मला कळलं होतं. तुम्ही केव्हाच गेला होतात, तुमच्या पद्धतीनं, कुणाला न विचारता. तरी मी गुडघे टेकले. तळहात ठेवायची जागा शोधली. हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अहो, थंड पडल्यात वहिनी," तेव्हा मी हात मागे घेतले. म्हणजे ज्यानं तुमच्याशी इतका वाद घातला, तो ऐन वेळी आकडे आठवत बसला नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही म्हणाला असतात, "तेच तं."

काल रविवार होता. सकाळी फुलेश्वरीचा फोन आला. "कका, आबे ना?" काका, येणार ना? मला वाटलं, त्या बायका बसतील, तुमच्या आठवणी काढतील, मी दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा असेल. मी दोन शब्द तयारही केले होते, लांबच झाले होते ते. हॉलमध्ये गेलो तर फोटो नव्हता, हार नव्हता. गाद्या मांडून झाल्या होत्या आणि दोन नव्या मुली आल्या होत्या. फुलेश्वरीनं पहिल्या गादीकडे बोट दाखवलं.

"कका, इनला करके देखा." काका, यांना करून दाखवा.

मी म्हटलं, माझे गुडघे. ती म्हणाली, माझेही. मग मी बसलो आणि दाबायला लागलो. "मुँह बंद करके नहीं चलेगा, अंकल," ती तेलुगू बाई म्हणाली. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. चाळीस वर्षं मी आरतीला नुसते ओठ हलवत आलो. काल मोठ्यांदा म्हटलं. नव्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या, मग सगळ्याच हसल्या, मीही हसलो, आणि हसताना दाबता येत नाही, म्हणून धापा टाकत पुन्हा सुरू केलं.

माझा दम संपत आला. मी थांबणार, एवढ्यात फुलेश्वरी माझ्या शेजारी गुडघ्यांवर आली. माझे हात वर आले आणि त्याच क्षणी तिचे खाली गेले. मध्ये खंड पडला नाही.